पाणी जाऊ द्या, माती थांबवा!

शेजारच्या छोट्या साइटवरून पहिल्याच पावसात रस्त्यावर येणारा चिखल ‘पाऊस जास्त झाला’ म्हणून येत नाही. तो अडवता येतो. ताडपत्री, फावडं, थोडी खडी आणि थोडं डोकं एवढं पुरतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळायला हवं.

पहिला जोराचा पाऊस पडून गेलाय. नऊचं लेक्चर आहे, म्हणून तुम्ही गाडी काढता. गल्लीच्या वळणावर रिडेव्हलपमेंटला गेलेली एक बिल्डिंग आहे. म्हणजे आता बिल्डिंग नाही, पत्रे आहेत आणि पत्र्यांमागे खड्डा. त्या पत्र्यांखालून चहाच्या रंगाचं पाणी येऊन रस्त्यावर पसरलंय. वरून दिसतं नुसतं पाणी, खाली असतो बोटभर चिखलाचा थर. पुढचं चाक त्यावर जातं, हात ब्रेकवर जातो आणि... पुढचं सांगायला नको. ज्यांचं ढोपर सोलवटलंय त्यांना ते पाठ आहे.

मग आपण काय म्हणतो? ‘पाऊसच केवढा झाला!’ नाहीतर महापालिकेला चार शब्द सुनावतो. पण हा चिखल निघाला कुठून आणि निघालाच का, हे बघायला पत्र्यांच्या आत कुणी डोकावत नाही.

आज डोकावूया. तुम्ही सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल, तर दोन-तीन वर्षांत त्या पत्र्यांच्या आत हेल्मेट घालून तुम्हीच उभे असणार आहात. पहिली नोकरी मेट्रोच्या नाही, तर अशाच पाच-दहा गुंठ्यांच्या साइटवर मिळण्याची शक्यता जास्त. आणि कॉमर्स, आर्ट्स, सायन्सवाल्यांनो, तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटच्या रांगेत नसेल, तर शेजारची नक्की असेल. तेव्हा हा विषय तुमचाही आहे.

पाच गुंठ्यांवर किती पाणी?

आधी एक सोपा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की पाणी होतं बरोबर एक लिटर. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही जागेचं गणित तोंडी करता येतं.

पाच गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. त्यावर तासाभरात २५ मिमी पाऊस पडला, तर १२,५०० लिटर पाणी. म्हणजे दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर आणि वर पाव टँकर, तोही एका तासात. पाऊस ५० मिमी झाला तर अडीच टँकर. आता एका गल्लीत अशा तीन-चार साइट्स असतील तर काय होत असेल ते बघा.

पूर्वी त्या जागी जुनी बिल्डिंग होती तेव्हाही पाऊस एवढाच पडायचा. पण छपराचं पाणी पाइपातून उतरायचं, मागच्या चार झाडांखाली थोडं मुरायचं, फरशीवरून थोडं गटारात जायचं. जायचं ते बऱ्यापैकी स्वच्छ असायचं. आता झाडं गेली, फरशी गेली, जमीन उघडी पडली. त्यावर जेसीबी आणि डंपर फिरून ती इतकी दाबली गेली की पाणी मुरायला जागाच नाही. सिव्हिलवाल्यांना ‘क्यू बरोबर सी-आय-ए’ हे सूत्र आठवत असेल. त्यातला ‘सी’, म्हणजे पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो आकडा, असा साइटवर वाढतो. पाणी जास्त, वेगही जास्त आणि सोबत उघडी माती.

हे सगळं जातं कुठे? रस्त्याकडेच्या जाळीतून पावसाळी गटारात. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्या घरातलं सांडपाणी वेगळ्या वाहिनीतून जातं आणि ते नदीत सोडण्याआधी शुद्धीकरण केंद्रात नेणं अपेक्षित असतं. पावसाळी गटाराच्या वाटेवर असलं काहीच नसतं. जाळीत जे पडतं ते सरळ ओढ्यात, ओढ्यातून नदीत. वाटेत वेग कमी झाला की माती पाइपातच बसते. मुंबईतली जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती. ती वाढवून ताशी ५० मिमीची करायची, हे ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचं उद्दिष्ट होतं. कागदावर क्षमता काहीही असो, पाइपाचा तिसरा हिस्सा गाळाने भरला असेल तर ती उरते कुठे? मग चौकात गुडघाभर पाणी साचतं आणि आपण पुन्हा पावसाला नावं ठेवतो.

बाटलीतला प्रयोग

एक प्रयोग करा. वेळ लागतो पाच मिनिटं, खर्च शून्य. एक पारदर्शक बाटली घ्या. त्यात चार चमचे माती टाका. खोदलेल्या साइटजवळची काळी माती मिळाली तर उत्तमच. पाणी भरा, झाकण लावा, जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या.

वाळूचे कण मिनिटाभरातच तळाशी बसतील. त्यावर हळूहळू पोयट्याचा थर येईल. पण वरचं पाणी? ते दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसेल.

असं का होतं? कण जितका बारीक तितका तो सावकाश खाली जातो. ०.१ मिमीच्या बारीक वाळूच्या कणाला शांत पाण्यात फूटभर खाली जायला साधारण अर्धं मिनिट लागतं. त्याच्या दहापट बारीक कणाला साधारण एक तास. आणखी दहापट बारीक, म्हणजे चिकणमातीच्या कणाला जवळपास चार दिवस! दहापट बारीक कणाला शंभरपट वेळ, असं हे गणित आहे. फिजिक्सवाल्यांनी ‘स्टोक्सचा नियम’ केलाय, तोच हा.

आता साइटवर या. पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. काळ्या मातीत हे सगळ्यात बारीक कणच जास्त. ती एकदा पाण्यात मिसळली की तिला पुन्हा वेगळं करायला चार दिवस शांत पाणी हवं. पावसाळ्यात, पाच गुंठ्यांत, तासाला सव्वा टँकर पाणी येत असताना ते कुठून आणणार?

या सगळ्याचा अर्थ एकच. गढूळ पाणी गाळत बसण्यापेक्षा माती जागेवर ठेवणं कैकपटीने सोपं आहे. खड्डा, कापड, जाळी हे सगळं नंतर. आधी माती उठूच द्यायची नाही.

माती उठते कशी? आपल्याला वाटतं वाहतं पाणी ती ओढून नेतं. ते खरंच, पण सुरुवात त्याआधीच झालेली असते. पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो पडला की छोट्या स्फोटासारखे कण उडतात. पहिल्या पावसानंतर भिंतीच्या तळाला जे मातीचे शिंतोडे दिसतात ना, ते हेच. त्या सुट्या झालेल्या कणांना मग वाहतं पाणी सोबत घेऊन जातं. म्हणून थेंब आणि माती यांच्यामध्ये काहीतरी असलं पाहिजे. ताडपत्री, खडी, गवत, पालापाचोळा, बारदान, काहीही चालेल.

माथा ते पायथा

एनएसएसच्या कॅम्पला जाऊन ज्यांनी डोंगरावर समतल चर खणलेत, किंवा ‘वॉटर कप’च्या वेळी गावात जाऊन श्रमदान केलंय, त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. पाणलोटाच्या कामात पहिला धडा असतो, ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर काम करायचं, मग उतारावर, आणि बंधारा सगळ्यात शेवटी. वर काहीच न करता खाली बंधारा बांधला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

साइट म्हणजे पाच गुंठ्यांचं पाणलोटच. पण होतं उलटं. सगळं लक्ष पायथ्याशी, म्हणजे गेटपाशी आणि रस्त्यावरच्या जाळीपाशी. माथ्याकडे कुणी बघत नाही. क्रम सरळ करूया.

पहिलं, बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. वारजे, धनकवडी, बावधन, कोंढवा अशा उताराच्या भागांत वरच्या गल्लीचं, शेजारच्या पार्किंगचं पाणी साइटवर उतरतं. हे पाणी अजून स्वच्छ असतं. ते आपल्या खड्ड्यातून फिरून गेलं की चिखल होतो. म्हणून वरच्या हद्दीला एक उथळ चर आणि त्याच्या आतल्या बाजूला फूटभर उंचीचा, चांगला चोपलेला मुरमाचा बांध घालायचा आणि ते पाणी साइटच्या कडेकडेने खाली न्यायचं. मात्र ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही, हेही बघायचं. शेतकरी शेताच्या वरच्या बाजूला चर काढतो, तेच हे.

दुसरं, लागेल तेवढीच जमीन उघडायची. सगळा प्लॉट एकदम उकरायची घाई असते, कारण जेसीबी तासावर आलेला असतो. पण मागच्या कोपऱ्यातलं काम दिवाळीनंतर असेल, तर तिथलं गवत आणि झाडं तोवर राहू द्या. आणि खोदकाम मे महिन्यात करून पावसाच्या आत प्लिंथपर्यंत वर यायचं, हे जुन्या मुकादमांचं गणित आजही सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तिसरं, ढीग झाकायचे. खोदलेली माती, क्रश सँड, मुरूम यांचे ढीग म्हणजे साइटवरचे सगळ्यात कच्चे डोंगर. ते जाळीजवळ आणि पाण्याच्या वाटेवर ठेवायचे नाहीत. खड्ड्याच्या काठावर तर मुळीच नाही. काठापासून निदान दीड मीटर लांब, आणि खड्डा खोल असेल तर त्याहून जास्त, नाहीतर ढिगाच्या वजनाने काठ खचतो. वर ताडपत्री, तिच्या कडांवर गोण्या आणि ढिगाच्या पायाशी छोटा बांध. ताडपत्री नुसती अंथरून सोडली, तर पहिल्या वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडते!

चौथं, पाण्याला एकच दरवाजा ठेवायचा. पत्र्यांच्या खालच्या फटींतून पाणी दहा ठिकाणांहून बाहेर पडतं. दहा ठिकाणी पहारा कोण देणार? म्हणून पत्र्यांच्या आतून वाळूच्या गोण्यांची किंवा मुरमाची कड करायची आणि सगळं पाणी सगळ्यात खालच्या एका कोपऱ्यात आणायचं. तिथे गाळ बसायला खड्डा करायचा. खड्डा लांबट हवा, पाणी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने वरच्या वर बाहेर. मध्ये विटांच्या दोन आडव्या भिंती घातल्या की पाण्याला वळसा पडतो, वेग मरतो आणि निदान वाळू आणि पोयटा तरी तिथेच बसतो. खड्डा अर्धा भरला की उपसायचा. हे ज्याच्या अंगावर दिलंय त्याचं नाव ठरलेलं हवं, नाहीतर तो कुणीच उपसत नाही.

उतार पसरट असेल आणि पाणी एका धारेने न येता सगळीकडून येत असेल, तर खालच्या हद्दीला जिओटेक्स्टाइलचं कापड खुंट्यांवर ताणून उभं करतात. यातली मेख म्हणजे कापडाची खालची कड निदान सहा इंच जमिनीत गाडलेली हवी. नुसतं लटकवलेलं कापड शोभेचं. पाणी खालून निघून जातं. आणि साइटवर दिसणारी हिरवी जाळी हे काम करत नाही. तिची भोकं मातीच्या कणापुढे दरवाजाएवढी असतात.

गेट, रस्ता आणि जाळी

साइटवरची निम्मी माती पाण्यातून नाही, तर चाकांना चिकटून बाहेर पडते असं वाटावं, इतका चिखल डंपर सोबत नेतो. यावर उपाय खडीचा. गेटच्या आत जाड खडीचा सहा इंचांचा थर टाकायचा. लांबी एवढी, की डंपरच्या चाकाचे त्यावर दोन-तीन पूर्ण फेरे झाले पाहिजेत, म्हणजे सात-आठ मीटर. खडीखाली कापड अंथरलं तर ती चिखलात रुतून गायब होत नाही. खडी मातीने भरली की वरचा थर बदलायचा. आणि जमत असेल तर गेट उताराच्या वरच्या बाजूला ठेवायचं. खालच्या बाजूला गेट असलं की पाण्यालाही तेच गेट मिळतं.

तरी चिखल रस्त्यावर आलाच तर? नेहमीचं दृश्य म्हणजे टँकर मागवायचा, पाइप लावायचा आणि रस्ता चकाचक धुवायचा. फोटोत रस्ता छान दिसतो. चिखल गेला कुठे? जाळीतून गटारात! जे टाळायचं होतं तेच आपण पाण्याच्या प्रेशरने केलं. रस्ता धुवायचा नाही. आधी फावड्याने खरवडायचा, झाडायचा, घमेल्यात भरून माती आत आणायची.

दुसरं नेहमीचं दृश्य म्हणजे जाळीवर प्लॅस्टिक किंवा प्लाय टाकून ती बंदच करणं. माती अडते, पण पाणीही अडतं आणि रस्त्याचं तळं होतं. त्याऐवजी सच्छिद्र गोण्यांत खडी भरून त्या जाळीभोवती मांडायच्या. पाणी त्यातून झिरपून आत जातं, बराचसा गाळ बाहेर राहतो. पण हा शेवटचा पहारेकरी आहे. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली, तर तासाभरात तो थकतो.

पाया खोदलेल्या खड्ड्यात साचलेलं पाणी हा वेगळा विषय. पाऊस थांबला की मुकादम पहिल्यांदा पंप आणतो. पंपाचं तोंड तळाच्या गाळात आणि पाइप थेट रस्त्यावर. तासाभरात सगळा गाळ गटारात. त्याऐवजी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात छोटा खळगा करायचा, त्यात भोकं पाडलेला ड्रम उभा करून भोवती खडी भरायची आणि पंपाचं तोंड त्या ड्रममध्ये सोडायचं. उपसलेलं पाणी आधी गाळाच्या खड्ड्यात. तिथे निवळलेलं पाणी धूळ बसवायला, चाकं धुवायला वापरता येतं.

आणि सिमेंटचं पाणी? मिक्सर, घमेली, ट्रान्झिट मिक्सरची घसरण धुतलेलं पाणी दिसतं दुधासारखं, पण त्याचा पीएच १२ च्या आसपास असतो. हात भाजतात ते उगीच नाही. ते ओढ्यात गेलं तर मासे मरतात आणि पाइपात बसलं तर तिथेच दगड होतो. त्यासाठी प्लॅस्टिक अंथरलेला वेगळा खड्डा हवा. पाणी उडून गेलं की उरलेला थर फोडून राडारोड्यात टाकायचा.

भिंतीमागचं पाणी

इथपर्यंत वाचून वाटेल, की मामला चिखलाचा आणि घसरलेल्या गाडीचा आहे. तेवढाच नाही.

२९ जून २०१९. पुण्यात कोंढव्यात मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या साइटवर कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. १५ माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती. काही दिवसांतच आंबेगावात एका कॉलेजच्या आवाराची भिंत अशाच खोल्यांवर पडली आणि सहा जण गेले. दोन्ही वेळा रात्र होती, पावसाचे दिवस होते आणि माणसं भिंतीच्या अगदी खाली राहत होती.

अशा प्रत्येक दुर्घटनेची कारणं चौकशीत ठरतात आणि ती एकापेक्षा जास्त असतात. पण पाणी भिंतीला काय करतं, हे समजून घ्यायला चौकशी लागत नाही. दोन मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण दोन टनांचा रेटा येतो. पाणी निम्म्या उंचीपर्यंतच असेल तर रेटा निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणजे अर्धा टन. पाणी काढून देण्याला एवढं महत्त्व का, ते या एका गणितात आहे. भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवतात ती यासाठीच. ती मातीने बुजलेली असतील, भिंतीच्या एका बाजूला वरचं पाणी साचत असेल आणि दुसऱ्या बाजूला पायाशेजारी खोदकाम चालू असेल, तर भिंत उभी कशाच्या जिवावर राहणार?

म्हणून वरच्या हद्दीचा चर ही ‘रस्ता स्वच्छ ठेवा’ छापाची गोष्ट नाही. आणि मजुरांच्या खोल्या कुठे बांधायच्या, हाही पाण्याच्या नियोजनाचाच भाग आहे. उंच भिंतीखाली नाही, खड्ड्याच्या काठावर नाही, पाण्याच्या वाटेवर नाही. पाच गुंठ्यांत अशी जागा उरत नसेल, तर पावसाळ्यापुरती सोय बाहेर करायची. ‘जागाच नाही ना’ हे उत्तर ऐकायला व्यवहारी वाटतं. पण तिथे झोपणाऱ्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

मोठ्यांना कागद, छोट्यांना काय?

२००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पाच गुंठ्यांची साइट या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण शहरात अशा साइट्स किती, हे तुमच्या गच्चीवरून मोजून बघा.

अर्थात छोट्यांना सगळं माफ आहे असं नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या राडारोडा नियमांनी तो टाकून रस्ता किंवा गटार अडवायचं नाही, ही जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ रोखण्यासाठी जी नियमावली काढली, तिच्यात साइटवरून निघणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय करायला सांगितलं. ती हवेसाठी होती. पण जानेवारीत जी धूळ असते, तीच जुलैत चिखल होते. माती तीच.

आणि नियम बाजूला ठेवले तरी हिशोब उरतो. वाहून गेलेली क्रश सँड विकतची असते. खड्ड्यात पाणी साचून तळ मऊ झाला, तर तो थर काढल्याशिवाय पीसीसी ओतता येत नाही, म्हणजे मजुरी दोनदा. चिखलात डंपर अडकला की दिवस गेला. साइट इंजिनिअर म्हणून तुम्ही ठेकेदाराशी बोलाल तेव्हा नदीपासून सुरुवात करू नका. या हिशोबापासून करा.

आता तुमचं काम

सिव्हिल-आर्किटेक्चरवाल्यांनो, इंटर्नशिपला साइटवर गेलात की पाऊस चालू असताना अर्धा तास बाहेर थांबा. सगळे शेडमध्ये पळतात तेव्हा. पाणी कुठून आत येतं, कुठून फिरतं, कुठून बाहेर पडतं, ते साइटच्या नकाशावर पेन्सिलीने बाणांनी दाखवा. बहुतेक साइट्सवर असा नकाशा कुणी काढलेलाच नसतो. मग मुकादमाकडे जा. शिकवायला नको, विचारायला.

‘काका, मागच्या भिंतीकडून पाणी आत येतंय. चर कुठून काढला तर बरं?’

त्यांनी वीस पावसाळे साइटवर काढलेले असतात. उतार त्यांना डोळ्यांनी कळतो. फक्त हे काम महत्त्वाचं आहे, असं त्यांना आजवर कुणी म्हटलेलं नसतं.

बाकीच्यांनो, तुमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग होईल तेव्हा कार्पेट एरिया, भाडं, पार्किंग यावर तास-तास चर्चा होईल. त्यात चार प्रश्न तुम्ही घाला. पावसाळ्यात साइटचं पाणी कुठून बाहेर जाणार? गाळाचा खड्डा कुठे? शेजारच्या हद्दीच्या भिंतीला पाया शेजारी खोदताना आधार काय देणार? मजूर कुठे राहणार? उत्तरं करारात लिहून घ्यायला सांगा. विचारायला डिग्री लागत नाही. आई-बाबा कमिटीवर असतील तर काम आणखी सोपं.

शेजारच्या साइटवरून चिखल येत असेल, तर फोटो काढताना फक्त रस्त्याचा काढू नका. पाणी पत्र्यांखालून नेमकं कुठून निघतंय तो, जाळीचा आणि ढिगाचा काढा. तारीख-वेळ दिसू द्या. आधी साइटवर जाऊन सांगा. पुष्कळदा दोन गोण्या आणि एक ताडपत्री एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात फोटोंसकट तक्रार द्या.

पण एक गोष्ट दिसली तर तक्रारीचा क्रम, फोटो वगैरे काही बघत बसू नका. उंच भिंतीला तडे गेलेत किंवा ती फुगलीये, मागे पाणी साचलंय आणि खाली पत्र्याच्या खोल्यांत दिवे लागलेत, असं दिसलं तर लगेच वॉचमनला गाठा, सुपरवायझरला फोन लावायला सांगा, तेवढ्यात तुम्ही अग्निशमन दलाला १०१ वर कळवा आणि खोल्यांमधल्या लोकांना बाहेर यायला सांगा. स्वतः मात्र भिंतीजवळ जाऊ नका, लांबूनच हाका मारा. भिंत नाही पडली तर फार तर लोक तुम्हाला हसतील. हसू द्या.